रघूने सोडलेला शब्द

माझी पाठ दुखायला लागली तेव्हा मी कमरेचा पट्टा एक भोक आत ओढला. महिन्याभराने आणखी एक. सर्कशीत झुल्यावर काम करणाऱ्या बाईने पाठदुखीची तक्रार करणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईने चटक्याची तक्रार करणं. ऐकणारा हसतो आणि आपल्या कामाला लागतो. रोज संध्याकाळी अंगात कसकस असायची, तिला मी तंबूतल्या धुळीचा त्रास म्हणायचे. अंग उतरत चाललं होतं, त्याचा तर मला आनंदच होता, कारण झुल्यावर हलक्या बाईची चलती असते. असं वर्षभर मी माझ्या आजाराला जमेल तितकं मोठं केलं.

आता हे लिहिते त्याला कारण आहे. मी ज्या दवाखान्यात बरी झाले तिथल्या डॉक्टर मॅडम मला अधूनमधून बोलावतात. मणक्याचा टीबी हे शब्द ऐकून कुणी भिंतीकडे तोंड करून पडलं, की मी जाऊन त्याच्या खाटेशी बसते. पण मी काही मुद्द्याला धरून बोलणारी बाई नाही. बोलता बोलता भलतीकडे जाते. शेवटी मॅडमच म्हणाल्या, लिहून काढा. गोळ्यांची माहिती त्या देतील. मी बाकीचं सांगते.

उशीर, परत

आधी रघू. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझे वडील सायखेड्याचे. तरुणपणी घरात भांडून निघाले आणि एका सर्कशीत तंबू ठोकायच्या कामाला लागले. माझा जन्म सर्कशीतला. आई लवकर गेली. चालायला आणि दोरीला लोंबकळायला मी बहुतेक एकाच वेळी शिकले असेन. विसाव्या वर्षी मला झुल्याच्या खेळात घेतलं. हा खेळ तुम्ही पाहिला असेल. उंचावर समोरासमोर दोन झुले. एकावर कॅचर गुडघ्यांनी उलटा लटकलेला. दुसऱ्यावरून आम्ही सुटायचं, हवेत कोलांटी घ्यायची आणि त्याच्या हातांपर्यंत पोचायचं. पोचलो तर टाळ्या, नाही पोचलो तर खाली जाळी.

आमचा कॅचर रघुनाथ. सांगलीकडचा, रुंद खांद्यांचा, आणि तोंडात जेमतेम दोन शब्द असलेला. "उशीर. परत." मी कोलांटी कितीही सुरेख घेतलेली असो, खाली उतरले की हेच ऐकायचं. "छान झालं" असं त्याच्या तोंडून ऐकायला मला दीड वर्ष लागलं, आणि तेही त्याने माशाच्या कालवणाबद्दल म्हटलेलं निघालं. मी त्याचा मनापासून राग करायचे. इतका, की सकाळी डोळे उघडले की पहिला विचार त्याचाच यायचा. तुम्ही समजलात, मला समजायला वेळ लागला.

एक गोष्ट मात्र त्याने शिकवली ती जन्माला पुरली. नवखी माणसं हवेत कॅचरला पकडायला धडपडतात. तसं करायचं नसतं. "तू मला धरायचं नाही," तो सांगायचा. "हात पुढे कर आणि गप्प ठेव. धरणं माझं काम."

एकदा ऐन खेळात मी झुल्यावरून सुटले आणि त्याच क्षणी रघूला वरून दिसलं की जाळीच्या एका कोपऱ्याची दोरी सुटली आहे. मला नेहमीप्रमाणे उशीर झाला होता. हात पोचणार नव्हते. तेव्हा या माणसाने गुडघ्यांची पकड सोडली, घसरत घोट्यांवर आला, आणि त्या वीतभर जास्तीच्या अंतरात माझं एक मनगट धरलं. लोकांना वाटलं, खेळच असा आहे. काय टाळ्या पडल्या! खाली उतरलो तेव्हा त्याच्या दोन्ही घोट्यांची सालपटं निघाली होती. माझ्याकडे बघून तो खेकसला, "उशीर!" मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आणि माझ्याशी लग्न करणार का, ते पण सांग."

"तेही उशिरा सांगितलं तर?" मी म्हटलं.

"तर परत विचारीन."

लग्नानंतरही मी त्याला रघूच म्हणत राहिले. अहो म्हणेपर्यंत हवेतला वेळ संपतो.

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. झुलेवाल्यांमध्ये जो पडला त्याने त्याच खेळात, पकड निसटू नये म्हणून हाताला लावलेली भुकटी झटकायच्या आत परत शिडी चढायची आणि तीच उडी घ्यायची. एक दिवस मध्ये जाऊ दिला की भीती अंगात घर करते, आणि मग तो माणूस कायमचा गेला असं समजतात. या बाबतीत रघूने कुणाला सवलत दिली नाही. स्वतःलाही नाही.

चढ

नाशिकला आमचा मुक्काम पडला तो ऐन थंडीत. गोदावरीवरून येणारं वारं तंबूच्या कनातीखालून शिरायचं आणि आम्ही तोकड्या चमकदार कपड्यांत कुडकुडायचो. दुपारचा खेळ होता. मी फळीवरून निघाले, झुला पुढे गेला, पायांनी झटका द्यायची वेळ आली आणि पाय आलेच नाहीत. दुसऱ्याच कुणाचे पाय माझ्या कमरेला बांधलेत असं वाटलं. मी सरळ जाळीत गेले.

वरून रघूचा आवाज आला, "चढ."

आता इथे जी चूक झाली ती आम्हा लोकांखेरीज कुणाच्या हातून व्हायची नाही. दुसऱ्या एखाद्या बाईचे पाय गेले असते तर ती तिथेच बसली असती, चार माणसं धावली असती, आणि तिला उचलून नेलं असतं. माझे दंड वर्षानुवर्षं दोरीवर पोसलेले. मी दोरीची शिडी नुसत्या हातांनी चढले. पाय मागून लोंबकळत आले. बघणाऱ्यांना वाटलं, हीसुद्धा करामत आहे. मी स्वतःला सांगत होते की मुंग्या आल्यात, जातील. माझ्या हातांनी माझ्या पायांचं दुखणं सगळ्यांपासून लपवलं, माझ्यापासूनही.

मी सुटले. कोलांटी घेतली नाही, नुसते हात पुढे केले. रघूने मनगटं धरली, आणि त्याचा उलटा चेहरा पार बदलला. कॅचरला वजन कळतं. जिवंत पाय आपलं वजन आपण उचलतात. माझे पाय भरलेल्या घागरींसारखे खाली ओढत होते.

"नंदे, पाय?" तो म्हणाला.

"नाहीत," मी म्हटलं.

झुला पार थांबेपर्यंत त्याने मला सोडलं नाही. खालच्यांनी गाद्या आणून जाळीवर टाकल्या, तेव्हा कुठे हात सुटले.

अंगठा

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या असतील. माझ्या पाठीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हा मणक्याचा टीबी आहे," त्या म्हणाल्या.

"टीबी कसा असेल?" रघू म्हणाला. "हिला खोकला नाही."

"टीबी हाडालाही होतो. यांचं हाड खाल्लं गेलंय आणि नसांवर दाब आलाय. किती दिवस दुखतंय?"

"वर्ष झालं असेल," मी म्हटलं.

"आणि तुम्ही झुल्यावरून उड्या मारत होता?"

"पट्टा बांधायचे ना."

मॅडम हसल्या नाहीत. मी मात्र हसले होते, भीतीने हसतात तशी. त्यांनी पुढे विचारलं, "आज पडल्यावर लगेच आडवं ठेवलं ना यांना?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. रघू जमिनीकडे बघत म्हणाला, "मी तिला चढ म्हणालो."

मॅडम स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, "आजार वर्षभरापूर्वीचा आहे. आजच्या उडीने झालेला नाही." मी ते ऐकलं. रघूने ते ऐकलं नाही, हे मला नंतर कळलं. माणूस डोळ्यांदेखत समोर उभा असतो आणि त्याच्या कानात काही शिरत नसतं.

त्यांनी मला पायाचा अंगठा हलवायला सांगितला. मी जीव गोळा केला. घामाने कपाळ भिजलं. उजवा अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा हलला.

"हलला," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे वाट आहे. गोळ्या, पडून राहणं आणि मग व्यायाम. चालाल की नाही हे मी आज सांगणार नाही. पण हलला."

मी त्या रात्रीपासून त्या अंगठ्याची आई झाले. दिवसातून पन्नास वेळा त्याची विचारपूस करायचे.

खाट

दवाखान्यातला दिवस लवकर सुरू होतो आणि संपता संपत नाही. पहाटे झाडूवाली यायची, मग थर्मामीटर, मग गोळ्या. मूठभर गोळ्या उपाशीपोटी. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी किंचाळले. मला वाटलं, संपलं. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "गोळीचा रंग आहे. झाला नाही तरच मला सांगा." नवीन माणसाला मी आजही सगळ्यात आधी हेच सांगते.

पाठीवर सपाट पडायचं. कूस वळवायची तर दोघांनी मिळून, ओंडका वळवतात तसं. जन्मभर उंचावरून लोकांच्या टाळक्यांकडे बघितलेली मी, आता खालून सगळ्यांच्या हनुवट्या बघत होते. कुणी तरी आपल्याला पुसणार, कुणी तरी भांडं सरकवणार, याची लाज पहिले चार दिवस फार वाटते. पाचव्या दिवशी वाटत नाही. आणि वाटत नाही याचं वाईट मात्र वाटतं.

भीती दुपारी यायची. जेवणं झालेली, सगळा वॉर्ड सुस्तावलेला. तेव्हा वाटायचं, हे पाय असेच राहणार. सर्कशीत चालू न शकणाऱ्या माणसाला तिकिटाच्या खिडकीमागे बसवतात. मी त्या खिडकीत बसलेली मला दिसायचे.

महिन्याभराने सर्कस पुढच्या गावाला निघाली. मालकांनी रघूला चल म्हटलं. उडणारी दुसरी मुलगी तयार होती. रघू गेला नाही. मला त्याने हे सांगितलंसुद्धा नाही, तंबू हलल्यावर दुसरीकडून कळलं.

कपबशी

माझी एक सख्खी आत्या नाशिकजवळ मखमलाबादला दिलेली. सुंदरआत्या. घरची फुलशेती, झेंडू आणि गुलाब. वडिलांनी घर सोडल्यापासून येणंजाणं तुटल्यासारखंच होतं, पण मी दवाखान्यात आहे हे कळल्यावर ती डबा घेऊन हजर झाली. आल्या आल्या मी रघूला हाक मारली, तर तिने गालाला हात लावला.

"अगं बया! नवऱ्याला नावानं हाक मारती ही!"

दोन महिन्यांनी मला तिच्या घरी नेलं. रघू तिच्या शेतात राबायला लागला. सकाळी फुलांच्या पाट्या फुलबाजारात नेऊन घालायचा आणि आल्यावर माझं सगळं करायचा. आत्याने पडवीत माझी खाट टाकली होती. कोपऱ्यात एक वेगळी कपबशी, वेगळं ताट, वेगळा तांब्या मांडलेला. मी बोलणार काय? तिच्या घरी निजायला आले होते. पण तो कान तुटलेला कप तोंडाला लावला की चहा घशाखाली उतरायचा नाही.

पुढच्या तपासणीला आत्या सोबत आली. मॅडमनी तिला समजावून सांगितलं की हा टीबी छातीत नाही, पाठीच्या हाडात आहे, भांडीकुंडी वेगळी करायची काही गरज नाही. घरी आल्यावर आत्याने चहा केला. चहा म्हणजे आत्याचा जीव की प्राण, दिवसातून पाच वेळा, बशीत ओतून, फुर्र आवाज करत. त्या दिवशी तिने मला तिच्या नेहमीच्या कपात चहा दिला. मी अर्धा प्याले. उरलेला तिने माझ्या हातातून घेतला, बशीत ओतला आणि पिऊन टाकला.

"चुकलं माझं," ती म्हणाली, आणि तो कान तुटलेला कप उकिरड्यावर गेला.

मऊ माणूस

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर नांदगावच्या शेवंताबाई होत्या, खुबा मोडलेल्या. त्या रघूला रोज बघायच्या. तो मला चमच्याने भरवायचा, उशी सारखी करायचा, काही मागितलं की "राहू दे, मी देतो" म्हणायचा. एकदा शेवंताबाई उसासा टाकून म्हणाल्या, "तुझा नवरा लय मऊ माणूस हाय गं. नशीबवान हायेस."

मला आधी हसू आलं. मऊ? रघू? आणि मग हसू विरलं, कारण ते खरं होतं.

आत्याच्या घरी आल्यावर पाठीला आधार म्हणून कमरेला कडक जाकीट चढवलं आणि उभं राहण्याचा व्यायाम सुरू झाला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, वॉकर धरून वीस मोजेपर्यंत उभं राहायचं, रोज दोन आकडे वाढवायचे. मी उभी राहायचे. पाय थरथरायचे. सात म्हणेपर्यंत रघूचा हात माझ्या काखेत. "पुरे. बस आता." आठ म्हणूच द्यायचा नाही. मी पडेन या भीतीने त्याचा चेहरा पांढरा व्हायचा. माझंही सोपं झालं होतं. कुणी पुरे म्हणणारा असला की पुरे वाटायला लागतं. उन्हाळा गेला, पावसाळाही सरत आला, आणि मी सातावरच होते.

आणखी एक सांगते, इथे लिहिताना संकोच वाटतो, तरी. तो मला जवळ घेत नव्हता. मनगट धरायचा तेही काचेचं असल्यासारखं. ज्या हातांनी मला हवेतून ओढून घेतलं होतं ते हात आता माझ्यापाशी येऊन बिचकायचे. मला वाटायचं, याला आता माझी कीव येते. बायकोची कीव करणारा नवरा नको होता मला. मला तो खेकसणारा हवा होता. पण हे कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, सुख बोचतंय हिला.

नवरात्राच्या आधी मॅडमनी तपासलं आणि चष्मा काढून ठेवला. "नसांवरचा दाब गेलाय. गोळ्यांनी त्यांचं काम केलं. आता पायांत ताकद तुम्ही भरायची. हे दोन-तीन महिने असेच घालवले तर पाय असेच राहतील. मग मी काही करू शकणार नाही."



नवस

दवाखान्यात असताना एका सोमवारी रघू पायी त्र्यंबकेश्वरला जाऊन आला होता. मी चालावं म्हणून नवस बोलला एवढंच त्याने सांगितलं होतं. नवसाला लोक आवडीची एखादी वस्तू सोडतात, वांगं, दही, असं काही. आत्याने तेव्हाच विचारलं होतं, "जावईबापू, काय सोडलं?" तो नुसता हसला होता. तेव्हापासून आत्या त्याच्या ताटावर नजर ठेवून होती. "नंदे, हा माणूस तर सगळं खातोय! ह्यानं सोडलं तरी काय?" तिला त्या विचाराने झोप येत नव्हती.

ते त्या संध्याकाळी कळलं. मी वॉकर धरून उभी राहिले. पाच, सहा, सात. "पुरे," रघू म्हणाला, आणि माझं डोकं फिरलं. मी खाटेवर बसले आणि वॉकर ढकलून दिला. वॉकर अंगणात जाऊन आडवा पडला.

"पुरे काय, पुरे काय! ऐकलं नाहीस मॅडम काय म्हणाल्या? मला उशीर म्हण! परत म्हण! एकदा तरी म्हण ना रे!"

"म्हणता येत नाही," तो म्हणाला.

"का?"

"सोडलाय मी तो शब्द. परत. त्र्यंबकला. पुन्हा तोंडातून काढणार नाही म्हणून." तो अंगणाच्या टोकाला गेला आणि वॉकर उचलून तिथेच उभा राहिला. "मी तुला चढ म्हणालो, नंदे. पाय नव्हते तुला, आणि मी चढ म्हणालो. मॅडम तेव्हा काहीही म्हणाल्या असतील. माझ्या हातात तुझं वजन होतं ते मला कळलं."

आठ महिने हा माणूस हे पोटात घेऊन पाट्या वाहत होता आणि मी त्याला कीव समजत होते. मला त्याच्या जवळ जायचं होतं आणि मध्ये सात पावलांचं अंगण होतं.

आत्या ओट्यावर झेंडू निवडत बसली होती. तिने ओटीतली फुलं खाली ठेवली.

"जावईबापू, नवस कशाला बोलला? ही चालावी म्हणून ना? मग तिला चालवायचा शब्दच देवाला देऊन बसला व्हय? देवाला काय करायचाय तुमचा शब्द?"

"दिला तो दिला, आत्याबाई. मागे कसा घेणार?"

आत्या उठून आत गेली, चुलीवर ठेवलेला चहा उतरवला आणि आमच्या दोघांपुढे कप आणून ठेवले. स्वतःसाठी आणला नाही.

सोमवारी ती एकटीच एसटीने त्र्यंबकला गेली. दुपारी तिथल्या कुशावर्त कुंडात भिजलेल्या पदरानेच परत आली आणि दारातूनच म्हणाली, "सुटला तुमचा शब्द. मी माझा चहा दिला."

मी रडायला लागले. आत्याने मला दटावलं. "रडती काय? लय पित होते मी. पित्त व्हायचं."

जाता जाता

गोळ्या मधूनच सोडू नका. बरं वाटलं तरी नाही, पोटात ढवळलं तरी नाही. मी दीड वर्ष घेतल्या.

दुखणं अंगावर काढणं म्हणजे शूरपणा नाही. हे मी लिहावं याचं मलाच हसू येतं.

आणि घरच्यांनो, माणूस खाटेवर असला तरी त्याच्याकडे काही तरी मागा. भाजी निवडून मागा, हिशेब करून मागा, काहीही. माझ्याकडे कुणी काही मागेना तेव्हा मला आजाराची खरी भीती वाटली. तुमच्या घरात कुणी मनावर ओझं घेऊन मऊ झालं असेल तर त्यालाही एकदा विचारा, बाबा तू काय सोडलंस.

झेंडू

दसऱ्याच्या आदला दिवस. आत्याच्या अंगणात झेंडूचे ढीग लागलेले, पिवळे आणि केशरी, गुडघ्याएवढे. सकाळपासून सगळे माळा ओवत होतो. शब्द सुटून पंधरा दिवस झाले होते, पण रघूच्या तोंडून तो निघाला नव्हता. सवय मोडली होती की भीती होती, कुणास ठाऊक. एवढंच झालं होतं की तो आता सातला पुरे म्हणत नव्हता. खाली मान घालून आकडे मोजत बसायचा. मी विसावर पोचले होते. चालले मात्र नव्हते.

ऊन उतरल्यावर मी वॉकर धरून उठले आणि तो बाजूला सरकवला.

रघू अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पाट्या रचत होता. त्याने बघितलं. हातातली पाटी खाली ठेवली. सात पावलं, मी मनात मोजली. आत्याचा हात माळेवर थांबला.

एक पाऊल पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला डावा पाय मागे राहिला, मी घाबरून हवेत काही तरी पकडायला गेले आणि आडवी झेंडूच्या ढिगात पडले. तोंडात पाकळ्या गेल्या. आत्या ओरडली, "अगं माय!" आणि उठली. रघू धावला.

धावला आणि दोन पावलांवर थांबला. मी फुलांत पालथी पडून त्याच्याकडे बघत होते. त्याचे हात मला उचलायला पुढे आलेले होते. ते त्याने हळूहळू मागे घेतले. तो उलट पावली मागे गेला, होता तिथेच जाऊन उभा राहिला आणि घसा खाकरला.

"उशीर," तो म्हणाला. "परत."

कोपरांवर, मग गुडघ्यांवर रांगत मी मागे खाटेपर्यंत गेले आणि तिचा पाय धरून उठले. मला कुणी हात लावला नाही. केसांत, जाकिटात झेंडू अडकलेला. मी तिथूनच सुरुवात केली, पहिल्या पावलापासून. तीन झाली. चार झाली. पाचव्याला मांड्या जळायला लागल्या. सहाव्याला त्याचा चेहरा दिसेनासा झाला, डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याच्या की माझ्या सांगता येत नाही. सातवं पडलं आणि मी हात पुढे करणार तोच हा मेला एक पाऊल मागे सरकला.

"रघ्या!" मी ओरडले. आत्याने कानांवर हात ठेवले.

मी आठवं पाऊल टाकलं. मी काही धरायला गेले नाही. हात पुढे केले आणि गप्प ठेवले. त्याने मनगटं धरली, घट्ट, पूर्वीसारखी, दुखतील इतकी. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. तो हातांनी माझं वजन बघत होता.

"रघू," मी विचारलं, "पाय?"

"आहेत," तो म्हणाला.